उथळ पाण्यातले वाटाडे

खाडीकाठच्या माणसाला मासा का धरलास असे कधी कोणी विचारत नाही. भरतीचे पाणी खाजणात चढू लागले की आमच्या घरातले वडीलधारे पाग खांद्यावर टाकून बाहेर पडत आणि ते परतेपर्यंत इकडे पाट्यावर वाटण तयार असे. बोय मिळाली तर बोय, कोळंबी मिळाली तर कोळंबी, आणि दैव उघडले तर जिताडा! पेण-अलिबागकडच्या पाहुणचारात जिताड्याला काय मान असतो, हे तिकडच्या जावयांनाच विचारावे. मासा धरायचा तो खाण्यासाठी, उरला तर विकण्यासाठी. तिसरे कारण आम्हांला ठाऊक नव्हते.

म्हणून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर एक माणूस काही शे डॉलर मोजून पहाटे होडीत बसतो, चार तास उन्हात उभा राहून आपल्या जिताड्याच्या जातकुळीचा एक देखणा मासा गळाला लावतो, त्याच्यासह फोटो काढतो आणि मग त्याला हलकेच पाण्यात सोडून देतो, हे प्रथम ऐकले तेव्हा मला आमच्या आजीची आठवण झाली. ती म्हणाली असती, “मग मेला गेलाच कशाला?”

आजीचा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. त्या किनाऱ्यावर गेली सव्वाशे-दीडशे वर्षे याच प्रश्नाभोवती माणसे भांडली आहेत, कायदे झाले आहेत, गावेच्या गावे धंद्याला मुकली आहेत. त्या भांडणाची हकीकत सांगण्यासारखी आहे. पण आधी ती होडी आणि ते मासे जरा जवळून पाहू.

फ्लॉरिडाचा पश्चिम किनारा मेक्सिकोच्या आखाताकडे तोंड करून आहे. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूच्या लांबट बेटांची एक माळ आहे, आणि या माळेच्या आत जे पाणी अडकले आहे ते समुद्र नव्हे आणि नदीही नव्हे. कोठे गुडघाभर, कोठे छातीभर. तळाला समुद्रगवताची कुरणे, मधूनच कालवांची खडबडीत बेटे, आणि कडेने तिवरांची गर्द राई. आपल्याकडच्या माणसाला परके वाटू नये असे हे दृश्य आहे. भरती-ओहोटी मात्र आपल्या मानाने फारच थोडी, दोन-तीन फुटांची. पण या दोन-तीन फुटांतच सारी विद्या आहे. कोणत्या घळीतून पाणी आधी उतरते, कोणत्या टोकाला भोवरा धरतो, वाऱ्याने पाणी अडले की मासा कोणत्या झाडाखाली येतो, हे ज्याला कळते त्याला तेथे ‘गाईड’ म्हणतात. होडीवर चढल्यावर मात्र त्याला ‘कॅप्टन’ म्हणायचे, मग होडी वीस फुटांची का असेना.

ही पदवी केवळ मानाची नव्हे. पैसे घेऊन उतारू न्यायचे तर अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा परवाना लागतो. त्यासाठी समुद्रावर काढलेले ३६० दिवस दाखवावे लागतात आणि परीक्षा द्यावी लागते. या परवान्यावर सहापेक्षा अधिक उतारू घेता येत नाहीत. म्हणून तेथील लोक त्याला बिअरच्या सहा डब्यांच्या जुडग्याचे नाव देऊन मोकळे झाले आहेत. अर्ध्या दिवसाची सफर चार तासांची. काठ्या, रिळे, गळ, आमिष सारे कॅप्टनचे; गिऱ्हाइकाने टोपी आणि शिदोरी आणावी. मासेमारीचा वेगळा परवानाही त्याला लागत नाही, तो कॅप्टनच्या परवान्यात येतो. पण सफरीचा खरा आरंभ गिऱ्हाईक येण्यापूर्वीच झालेला असतो. तांबडे फुटायच्या आत कॅप्टन एकटाच उथळ पाण्यात जाऊन पाग फेकतो आणि लहान चंदेरी मासळी जिवंत धरून होडीतल्या टाकीत सोडतो. तेच दिवसभराचे आमिष. हा पाग पाहिला म्हणजे कोकणातला माणूस त्याला लगेच ओळखील: तसाच गोल घेर, कडेला तसेच शिशाचे मणी, फेकताना कमरेला तसाच हिसका.

आता मासे. जिताड्याचा जो भाऊबंद मी म्हटला त्याला तेथे ‘स्नूक’ म्हणतात. पूर्वी शास्त्रज्ञ या दोघांना एकाच कुळात घालीत. आता कुळे वेगळी केली आहेत, पण चेहरेपट्टी लपत नाही. पुढे आलेला खालचा जबडा, उतरते कपाळ, आणि अंगाच्या मधोमध ओढलेली काळी रेघ एवढी स्नूकची अधिक खूण. स्वभावही तोच. तिवराच्या मुळांआड दबा धरून बसायचे आणि ओहोटीबरोबर वाहत येणारे खाद्य झडप घालून टिपायचे. गळ लागताच तो पुन्हा त्याच मुळांत शिरतो आणि कल्ल्याच्या झाकणाच्या धारेने दोर कापून टाकतो. आणखी एक नवल दोघांत सारखे आहे. दोघेही जन्माला येतात नर म्हणून आणि मोठे होता होता त्यांतले पुष्कळ मादी होतात. त्यामुळे मोठा मासा मारला की बहुधा अंडी घालणारी आईच मारली जाते. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणी मनावर घेत नाही. फ्लॉरिडाच्या कायद्याने ती घेतली आहे: आखाताच्या बाजूला स्नूक ठेवायचा तर तो २८ ते ३३ इंचांच्या मधलाच असावा लागतो, तोही हंगामात आणि माणशी एकच. लहान सोडा, मोठाही सोडा.

दुसरा ‘रेडफिश’. तांब्याच्या भांड्यासारखा रंग आणि शेपटीच्या बुडाशी काळा टिळा. हा आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला. पोटातल्या फुग्यावर स्नायूंचे ठोके देऊन हे कूळ पाण्यात आवाज करते, म्हणून याचे दुसरे नावच ढोलावरून पडले आहे. घोळीचा हाच फुगा, म्हणजे बोत, वाळवून मुंबईच्या बाजारात सोन्याच्या मोलाने जातो, हे कोळीवाड्यात कोणासही विचारावे. रेडफिश आयुष्याची पहिली तीन-चार वर्षे खाडीत काढतो आणि मग बाहेर समुद्रात मोठ्यांच्या थव्यांत सामील होतो. तेथे तो चाळीस वर्षेही जगू शकतो. ही तीन-चार वर्षे आणि ती चाळीस वर्षे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

तिसरा ‘सी ट्राऊट’ हा नावाचाच ट्राऊट. तोही ढोम्याचाच नातलग आहे. तोंड इतके मऊ की जोराने ओढले तर गळ सुटून येतो. मुलेबाळे घेऊन आलेल्या कुटुंबाला कॅप्टन प्रथम याच्याकडे नेतो, कारण गवतावर तो हमखास लागतो आणि पोरांची तोंडे उजळतात.

आणि चौथा टार्पन. याच्याविषयी थोडे सावकाश बोलले पाहिजे, कारण हा सारा धंदाच याच्यामुळे उभा राहिला. मोठ्या माणसाएवढा लांब, शंभर-दीडशे पौंडांचा, आणि अंगावर तळहाताएवढे रुपेरी खवले. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी याचे अडत नाही. तो वर येऊन तोंडाने हवा घेतो आणि कूस पालटून खाली जातो, आणि त्या क्षणी सकाळच्या उन्हात जी चांदी चमकते तिच्यासाठी लोक दूरदेशीहून येतात. याचा एक लहान चुलतभाऊ हिंदी महासागरात आहे आणि आपल्या खाड्यांतही येतो, पण त्याच्या वाट्याला ही कीर्ती आली नाही. टार्पनचे तोंड हाडासारखे कठीण, त्यामुळे गळ रुततच नाही. रुतलाच, तर सहा-सहा फूट उंच उडी मारून तो डोके असे झटकतो की दोर तुटावा. त्या वेळी काठी पुढे झुकवून दोर सैल सोडायचा असतो; याला तेथील वाटाडे ‘राजाला मुजरा करणे’ म्हणतात. एवढे करून हाती लागतो तो मासा काट्यांनी भरलेला, खाण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. आजीने कपाळाला हात लावला असता!

असो. हकीकतीकडे वळू.

या किनाऱ्याचे पहिले मालक काळुसा नावाचे लोक. शेती न करता केवळ खाडीच्या बळावर त्यांनी राज्य चालवले, ही जगाच्या इतिहासातली दुर्मिळ गोष्ट आहे. ताडाच्या धाग्यांची जाळी, शंखांची वजने, आणि शिंपल्यांचे ढीग रचून उभारलेली आख्खी बेटे. त्यांच्या राजधानीच्या बेटावर शिंपल्यांच्या भिंती घालून केलेले हौद सापडले आहेत. जिवंत मासे साठवून ठेवण्यासाठी ते असावेत, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले आहे. स्पेनचा पोन्से दे लेऑन १५२१ मध्ये येथे वसाहत करायला आला तो याच लोकांच्या बाणाने जखमी होऊन परतला आणि हवानाला मेला. पण बाणांनी जे टाळले ते रोगांनी आणि गुलामांच्या धाडींनी घडवून आणले. अठराव्या शतकात काळुसांचे राज्य संपले. त्यांच्या जागी क्यूबाचे कोळी आले. हिवाळ्यात झोपड्या बांधून ते बोय धरीत, खारवून वाळवीत, आणि मासा व गाभोळी हवानाला पाठवीत. म्हणजे येथवर मासा धरण्याचे कारण आमच्या घरच्यासारखेच होते.

तिसरे कारण मार्च १८८५ मध्ये उगवले. डब्ल्यू. एच. वुड नावाच्या न्यूयॉर्कच्या एका गृहस्थाने सॅनिबेल बेटाजवळच्या पाण्यात काठी आणि रीळ वापरून ९३ पौंडांचा टार्पन धरला. त्याआधी टार्पन भाल्याने मारीत; काठीने तो धरता येणे शक्य नाही असाच समज होता. कोणी म्हणतात, त्याच्याही आधी अमक्याने धरला होता. अशा बाबतीत दावे असतातच. पण गाजला तो वुडचा मासा. शिकारीच्या नियतकालिकांतून बातमी फिरली आणि हौशी श्रीमंतांची रीघ लागली. त्या वेळी तेथे धड रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. पुंता रासा नावाचे एक गुरांचे बंदर होते, तेथून क्यूबाला गुरे जात. हवानाची तारही तेथेच समुद्रात उतरे, आणि तारमास्तरच प्रवाशांना उतरवून घेई. गंमत अशी की त्याच मार्च महिन्यात टॉमस एडिसनही तेथे येऊन राहिला आणि जवळच फोर्ट मायर्सला त्याने जमीन घेतली. दिव्यांचा जनक आणि टार्पनचा गाजावाजा एकाच महिन्यात त्या किनाऱ्याला लागले. दिवाळीच्या अंकात हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

या आलेल्या मंडळींना पाण्याची काय माहिती! ते न्यूयॉर्कचे, शिकागोचे, काही तर लंडनहून आलेले. त्यांना होडी हवी, वल्हवणारा हवा, आणि टार्पन कोठे आहे हे सांगणारा हवा. तो कोण? तोच गावातला कोळी, जो काल बोय विकत होता. एका दिवसाच्या मजुरीत त्याला जाळ्याच्या कष्टाहून बरे पैसे मिळू लागले. गाईडचा धंदा असा जन्मला. बोका ग्रांडेच्या मुखाशी, जेथे खोल धारेत एप्रिल ते जुलै टार्पनची दाटी होते, तेथे हा धंदा पिढीजात झाला. १९१२ साली जवळच्या युसेपा बेटावर बॅरन कॉलियर या धनिकाने आयझॅक वॉल्टनच्या नावाने क्लब काढला, आणि माशाच्या वजनाप्रमाणे सभासदांना बिल्ले देण्याची प्रथा पाडली. बिल्ला गिऱ्हाइकाच्या कोटावर लागे. वल्हे ज्याच्या हातात होते त्याच्या कोटाची चौकशी कोणी करीत नसे.

टेक्सासच्या किनाऱ्यावर तर एका गावाने आपले नावच टार्पन ठेवले होते. आजचे पोर्ट अरान्सास ते हेच. तेथील ‘टार्पन इन’ या जुन्या खाणावळीच्या भिंतीवर टार्पनचे हजारो खवले डकवले आहेत, प्रत्येकावर धरणाऱ्याची सही आणि तारीख. १९३७ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट तेथे मासे धरायला आले होते. त्यांच्या सहीचा खवला निराळ्या चौकटीत आहे. ती भिंत शोभिवंत आहे यात शंका नाही. पण एक खवला म्हणजे एक मासा, आणि खाण्याजोगा नसलेला हा मासा धक्क्यावर उलटा टांगून, फोटो काढून, नंतर टाकूनच दिला जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या किनाऱ्यावरचा टार्पन दिसेनासा झाला. नद्यांवरची धरणे आणि इतरही कारणे असतील, पण भिंतीवरचा हिशेब भिंतीवरच आहे.

तेव्हा सोडून देण्याची कल्पना केवळ दयेपोटी आलेली नाही. ती आली, कारण संपणारी वस्तू दोनदा विकता येत नाही आणि सोडलेला मासा पुन्हा विकता येतो. वाटाड्यांना हे गिऱ्हाइकांच्या आधी कळले. याचे सर्वांत चांगले उदाहरण फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाशी, कीज बेटांवर मिळते. हेन्री फ्लॅग्लरने या बेटांवरून समुद्र ओलांडत नेलेली रेल्वे १९१२ मध्ये की वेस्टला पोहोचली आणि वाटेत लाँग की येथे त्याने मासेमारीची छावणी वसवली. कादंबरीकार झेन ग्रे तेथील क्लबाचा पहिला अध्यक्ष. २ सप्टेंबर १९३५ च्या वादळाने छावणी, रेल्वे आणि शेकडो माणसे एका रात्रीत नेली. पण त्यानंतरच्या ओसाड बेटांवर एक नवी विद्या रुजली. बोनफिश नावाचा करडा, बुजरा मासा घोटाभर पाण्यात चरायला येतो. सावली पडली तरी पळतो. त्याच्यासाठी यंत्र बंद करून होडी लांब काठीने ढकलीत न्यायची आणि दुरून नेमका त्याच्या पुढ्यात गळ टाकायचा. इस्लामोराडाच्या बिल स्मिथने १९३९ मध्ये पिसांच्या कृत्रिम माशीवर बोनफिश मुद्दाम धरून दाखवला. त्याहून मला अप्रूप वाटते ते त्याच्या बायकोचे. बॉनी स्मिथ आणि तिच्या दोघी बहिणी, फ्रँकी ऑल्ब्राइट आणि बीउला कॅस, या तिघीही त्या बेटांवर वाटाड्याचे काम करीत. शहरातले बडे लोक होडीत बसत आणि काठीवर या बायका असत. गिऱ्हाइकाला मासा दिसायच्या कितीतरी आधी तो यांना दिसे. हा बोनफिशही खाण्यापेक्षा धरण्याचाच मासा. सोडण्याची रीत येथे लवकर अंगवळणी पडली.

पण स्नूक आणि रेडफिश यांची गोष्ट निराळी, कारण ते रुचकर आहेत. आणि जेथे चव आली तेथे भांडण आले. स्नूकचा निकाल फ्लॉरिडाने १९५७ सालीच लावला: त्याची विक्री बंद, तो फक्त काठीने धरावा. रेडफिशवर संकट आले ते स्वयंपाकघरातून. न्यू ऑर्लिअन्सचा पॉल प्रुडोम हा बल्लवाचार्य १९८० च्या सुमारास रेडफिशचे तुकडे लोण्यात बुडवून, मसाला थापून, लाल तापलेल्या लोखंडी तव्यावर काळे होईतो भाजू लागला. पदार्थ असा गाजला की अमेरिकेतल्या गावोगावच्या उपाहारगृहांना रेडफिश हवा झाला. एवढा मासा खाडीत कोठून येणार? मग पर्ससीनच्या बोटी बाहेरच्या समुद्रातल्या थव्यांवर गेल्या. पर्ससीन म्हणजे काय, हे मालवण-रत्नागिरीच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आता ती तीन-चार आणि चाळीस वर्षे आठवावीत. खाडीतला मासा म्हणजे पोर, बाहेरचा थवा म्हणजे तीस-तीस वर्षे अंडी घालणारी जुनी खोडे. एका फेऱ्यात पिढ्याच उचलल्या जाऊ लागल्या. टेक्सासने १९८१ मध्येच आपल्या रेडफिशच्या विक्रीवर बंदी घातली होती. पुढे दशक संपण्यापूर्वी केंद्र सरकारने बाहेरचे पाणी बंद केले आणि फ्लॉरिडानेही विक्री थांबवली. एका तव्याने एवढे रामायण घडवले असे उदाहरण विरळा.

यानंतरचा अध्याय सांगताना मात्र माझे मन एका बाजूला सहज झुकत नाही. काठीवाल्या हौशी लोकांची संख्या लाखांवर गेली होती. त्यांच्या मासिकांनी, विशेषतः कार्ल विकस्ट्रॉमच्या ‘फ्लॉरिडा स्पोर्ट्समन’ने, मोहीम काढली की कल्ल्यांत अडकवणारी जाळी राज्याच्या पाण्यातून हद्दपार करा. जाळ्यात मेलेल्या कासवांची चित्रे लोकांपुढे नाचवण्यात आली. ८ नोव्हेंबर १९९४ रोजी मतदान झाले. शंभरांतल्या सुमारे बहात्तर लोकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला, आणि १ जुलै १९९५ पासून ती जाळी राज्यघटनेनेच बंद झाली. किनाऱ्यालगत पाचशे चौरस फुटांहून मोठे कोणतेही जाळे चालेना.

टँपाच्या दक्षिणेला कॉर्टेझ नावाचे कोळ्यांचे गाव आहे. १८८० नंतर उत्तर कॅरोलायनातून आलेल्या कुटुंबांनी ते वसवले आणि शंभर वर्षे तेथे बोय धरली गेली. पहिल्या महायुद्धात, मंदीत, वादळात जे गाव बुडाले नाही त्याला मतपेटीने गाठले. मत देणाऱ्यांत बहुतेक जण शहरांतले. त्यांच्यापैकी कितीजणांनी जाळे हातात धरले असेल! सरकारने जाळी विकत घेतली, थोडेफार पैसे दिले. सीडर की गावातल्या कोळ्यांना शिंपल्यांची शेती शिकवली आणि ती चांगली पिकलीही. काही जण धंदा सोडून सुतारकामाला गेले. आणि काहींनी तटरक्षक दलाची परीक्षा दिली. ज्याच्या बापाने भरतीच्या घळीत जाळे लावले होते, तो त्याच घळीत परक्याला घेऊन जाऊ लागला. पाणी तेच आणि विद्याही तीच, फक्त आता तो मासा विकीत नव्हता, त्याची भेट विकीत होता.

बंदीने मासा वाढला का? बोय वाढली, हे मोजणीत दिसले. स्नूक-रेडफिशचे जाळ्यांपासूनचे भय गेले. पण जाळी गेली म्हणून खाडी सुरक्षित झाली असे समजणाऱ्यांचा भ्रम लवकरच फिटला. जानेवारी २०१० मध्ये अशी थंडी पडली की उबेला सोकावलेले स्नूक ढिगांनी मरून पडले. आखाताच्या बाजूला २०१३ पर्यंत एकही स्नूक ठेवायला परवानगी नव्हती. २०१८ मध्ये विषारी तांबडी लाट महिनोनमहिने किनाऱ्यावर ठाण मांडून होती. आमिषासाठी पाग फेकावा तर मेलेली मासळी वर येई. समुद्रातले हे सूक्ष्म शेवाळ मूळचेच तेथले आहे, पण शेतांतून आणि गावांतून वाहत आलेले खत किनाऱ्यावर त्याला पोसते. २८ सप्टेंबर २०२२ ला आलेल्या इयन वादळाने सॅनिबेलचा रस्ताच तोडला आणि धक्के, होड्या, घरे एकत्र करून टाकली. त्याच वर्षी एका तपासणीत दक्षिण फ्लॉरिडाच्या बोनफिशांच्या अंगात माणसांची औषधे सापडली, रक्तदाबाची, मनाच्या विकारांची. सरासरी एका माशात सात! सांडपाण्यातून ती आली होती. आता यातले काहीही कोळ्याच्या जाळ्याने केलेले नाही. शहरांनी केले, ज्या शहरांनी १९९४ साली मते दिली, त्यांनीच.

सोडलेला प्रत्येक मासा जगतो असेही नाही. बोका ग्रांडेच्या मुखाशी हातोड्याच्या डोक्याची मुशी, आपली कानमुशी, दमलेल्या टार्पनची वाटच पाहत असते. म्हणून नियमांवर नियम आले. १९८९ पासून टार्पन मारायचा तर पन्नास डॉलरची चिठ्ठी घ्यावी लागे. २०१३ पासून तो मुळीच मारता येत नाही, विक्रमाची नोंद करण्यापुरता अपवाद सोडला तर. चाळीस इंचांहून मोठा टार्पन फोटोसाठीही पाण्याबाहेर काढायचा नाही. त्याच वर्षी बोका ग्रांडेत बुडाशी वजन लावलेला एक गळ बंद करण्यात आला. त्यावरून वाटाड्या-वाटाड्यांतच दोन तट पडले होते. जुने म्हणत, हा गळ माशाच्या तोंडात न लागता अंगात अडकतो, हा खेळ नव्हे. नवे म्हणत, तुम्हांला स्पर्धा नको एवढेच. दोघेही आपापल्या पोटाचे बोलत होते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

अलीकडे या वाटाड्यांचे एक नवेच काम सुरू झाले आहे. धरणाचे दूषित पाणी कोणत्या नदीत सोडले, कोठले समुद्रगवत मेले, लाट कोठवर आली, हे त्यांना सरकारी होडीच्या आधी दिसते, कारण ते रोज पहाटे तेथे असतात. सभांतून ते उठून बोलतात. तीस वर्षांपूर्वी कॉर्टेझचे कोळीही असेच सभांतून बोलले होते. त्यांना गावंढळ म्हणून गप्प बसवले. कॅप्टनचे ऐकले जाते, कारण त्याच्यामागे हॉटेले आहेत, गिऱ्हाइके आहेत, डॉलर आहेत. तीच खाडी, तेच ज्ञान, आणि माणूसही कित्येकदा त्याच घरातला.

आजीच्या प्रश्नाला उत्तर मी अजून शोधतो आहे. पोटासाठी मासा मारणारा खरा आणि खेळासाठी धरणारा खोटा, असे म्हणायला सोपे आहे. पण खेळणाऱ्यांच्या हौसेनेच टार्पन वाचला, हेही तितकेच खरे. आणि खाणाऱ्यांच्या हौसेने रेडफिश जवळजवळ गेला होता; ते खाणारे मात्र खाडीकाठचे नव्हते.

कॉर्टेझ गाव अजून आहे. १९१२ साली बांधलेल्या तेथल्या शाळेत आता सागरी संग्रहालय आहे, आणि धक्क्यावर मासळीचा धंदाही अगदीच उठलेला नाही. दिवाळीनंतर उत्तरेकडून थंड वारे सुटले की बोय गाभोळीने जड होऊन थव्याथव्याने समुद्राकडे निघते. कल्ल्याची जाळी बंद. पण पागाला बंदी नाही. त्या आठवड्यांत पहाटेच्या अंधारात दोन होड्या अंतराअंतराने उभ्या असतात. एकीवरचा कॅप्टन गिऱ्हाइकासाठी आमिष धरीत असतो, दुसरीवरचा बोय. अंधार असल्यामुळे चेहरे दिसत नाहीत. पाग पाण्यावर पडल्याचा आवाज मात्र दोन्हीकडून सारखाच येतो.